स्ट्रेचरवरून उतरलेला माणूस

टाकवे बुद्रुकचे अंबाजी ओव्हाळ कंपनीतून निवृत्त झाल्यावर भातशेतीत रमले होते. त्या दिवशी सकाळी पोती रचता रचता त्यांच्या छातीत कळ आली आणि ते अंगणातच मटकन बसले. अंगाला दरदरून घाम सुटला.

सून कोमलनं लगोलग १०८ ला फोन लावला. जवळची अँब्युलन्स तळेगावकडं एका हॉस्पिटलच्या दारात अडकली होती. आत गर्दी इतकी, की एकही खाट मोकळी नव्हती. आणलेला पेशंट गाडीच्याच स्ट्रेचरवर पडून होता, आणि तो उतरल्याशिवाय गाडी हलणार नव्हती.

"तास लागंल म्हणत्यात, आबा," कोमल रडकुंडीला आली. "बोलत ऱ्हावा माझ्याशी."

अंबाजींना बोलवत नव्हतं. पाठीवरून फिरणारा तिचा हात तेवढा जाणवत होता. सगळं संपलं, असंच त्यांनी धरलं होतं.

पण अर्ध्या तासातच सायरन ऐकू आला. गाडीवरच्या डॉक्टर अनघा उतरल्या, जिभेखाली गोळी दिली, गाडीत घेतलं.

"त्या पेशंटला खाट मिळाली व्हय?" वाटेत कोमलनं विचारलं.

"नाही हो. तुमचा फोन आल्याचं त्यांनी ऐकलं. म्हणाले, माझा पायच मोडलाय, मला खाली ठेवा आन् तुमी जावा. मी नकोच म्हणत होते. शेवटी सिस्टरनं भिंतीकडेला गादी टाकून दिली."

त्याच हॉस्पिटलात छातीचं दुखणं म्हणून अंबाजींना थेट आत घेतलं. जाताना त्यांना तो माणूस दिसला. पायाला फळी बांधलेली, पायांच्या गर्दीत जमिनीवर आडवा. अंबाजींनी कसाबसा हात उचलला.

"जावा, जावा, बरं व्हा," तो म्हणाला.

अंबाजी वाचले. घरी आल्यावर त्यांनी एकच धोशा लावला, त्या माणसाला भेटायचं. पेशंटचं नाव सांगता येत नाही, पण निरोप देते, असं डॉक्टर अनघा म्हणाल्या. दोन दिवसांनी त्या माणसाचाच फोन आला. कान्हे गावचे रखमाजी.

दीड महिन्यानं सासरा-सून इंद्रायणी तांदूळ घेऊन कान्ह्याला गेले. रखमाजी प्लास्टरातला पाय लांब करून कॉटवर बसले होते. अंबाजी वाटभर जुळवलेले शब्द दारातच विसरले.

"भाऊ, तुमी नसता तर..." एवढंच त्यांना म्हणता आलं.

"खरं सांगू का आबा?" रखमाजी ओशाळून हसले. "खाली ठिवलं आन् लय दुखलं. घटकाभर वाटलं, कशाला बोललो. मग तुमाला आत नेताना बघितलं."

अंबाजींनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. डोळ्यांतलं पाणी पुसायचं त्यांना सुचलंच नाही.

आतून रखमाजींच्या घरच्या, भागुबाई, म्हणाल्या, "भाकरी टाकल्यात. जेवल्याबिगर जायाचं न्हाई."

कोमल उठून त्यांच्या हाताखाली गेली. पुरुषांच्या गप्पा पार दिवस कलेपर्यंत रंगल्या.