तिसऱ्या खांबाला बांधलेले अब्बा

अब्बांनी स्वतःला मशिदीच्या खांबाला बांधून घेतलंय, हा निरोप घेऊन बेकरीवाला चष्म्याच्या दुकानात आला, तेव्हा ती एका काचेची कड घासत होती. तिनं मशीन बंद केलं.

"कुणी बांधलं?"

"कुणी म्हणजे? त्यांनीच."

"कशानं?"

"मफलरनं."

तिला यातलं काही म्हणता काही कळलं नाही. पंचाहत्तरीचा माणूस, साखरेचा आजार, सकाळचं इंजेक्शन राहिलेलं, पोटात घोटभर चहा. गेल्या दोन वर्षांत अब्बा बरंच काही विसरले होते. घराचा जिना, सख्ख्या भावाचं तोंड, चाळीस वर्षं नळ जोडले त्या पान्याचं नाव. तिला मात्र ते अजून ओळखायचे, म्हणजे बहुतेक दिवशी. पण बांधून घेणं हा प्रकार नवाच होता. ती इंजेक्शनची डबी पर्समध्ये टाकून तशीच धावली.

मशिदीत आठ खांब होते, साधे सिमेंटचे, कमरेपर्यंत हिरवा ऑइलपेंट मारलेले. डावीकडून तिसऱ्यावर पंख्यांचा स्विचबोर्ड होता. नेमका तोच अब्बांनी धरला होता. भिंतीतल्या पाइपांविषयी बोलता बोलता माणसांच्या स्वभावापर्यंत पोचणारे अब्बा चटईवर मांडी घालून बसले होते, डावं मनगट मफलरनं खांबाला जखडलेलं, आणि चेहऱ्यावर असा निर्धार की पंखा लावायलाही कुणाची पुढे यायची छाती होत नव्हती.

"अब्बा, हे काय?"

"तौबा करतोय."

"कशाची?"

अब्बांनी तिच्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. "तेच आठवत नाहीये," ते म्हणाले. "पण काहीतरी मोठं आहे."

इमामसाहेब कोपऱ्यात उभे राहून घाम पुसत होते. वयानं तिच्याहून लहान, या मशिदीत येऊन जेमतेम वर्ष झालेलं. "माझंच चुकलं, आपा," ते म्हणाले. "परवा शुक्रवारच्या खुतब्यात बोलताना मी तौबेच्या खांबाचा इतिहास सांगितला. इतिहास म्हणून सांगितला हो! यांनी तो हुकूम म्हणून घेतला."

"कुठला खांब?"

इमामसाहेबांना सांगायला विषय मिळाल्यावर जरा धीर आला. मदिनेत पैगंबरांनी मशीद बांधली तेव्हा तिचे खांब खजुराच्या बुंध्यांचे होते. अबू लुबाबा नावाचे एक साथीदार होते. मुसलमानांच्या वेढ्यात अडकलेल्या लोकांनी त्यांना शरण जावं का असा सल्ला विचारला, तेव्हा ते बोलण्याच्या ओघात हात गळ्यावरून फिरवून गेले. शरण गेल्यावर गळे कापले जाणार, हे कळू द्यायचं नव्हतं, ते त्या खुणेनं कळून गेलं. आपण विश्वासघात केला हे त्यांना तिथल्या तिथं उमगलं. घरी गेले नाहीत, सरळ मशिदीत आले आणि एका खांबाला स्वतःला बांधून घेतलं. माफी मिळेपर्यंत अन्नपाणी नाही म्हणाले. कुणी सहा दिवस सांगतं, कुणी जास्त. नमाजापुरतं सोडायला, परत बांधायला मुलगी यायची म्हणतात, काही जण बायको म्हणतात. शेवटी कुराणातली माफीची आयत उतरली आणि पैगंबरांनी आपल्या हातानं ती गाठ सोडली. पुढे बुंधे गेले, दगडी खांब आले, पण त्या जागेच्या खांबावर आजही ते नाव आहे आणि लोक त्याच्याजवळ नमाज पढायला धडपडतात.

"मग हा खांब?"

"हा स्विचबोर्डाचा आहे, आपा," इमामसाहेब रडवेले होऊन म्हणाले. "आणि माफी काही खांब देत नाही. अल्लाहविरुद्धचा गुन्हा अल्लाह माफ करतो. माणसाचा केला असेल तर त्या माणसानंच माफ करायचा असतो."

तिनं एवढंच उचललं. माणूस शोधायचा. इंजेक्शन देऊन वर काही खाल्लं नाही तर आणखी पंचाईत, आणि अब्बा तर सुटल्याशिवाय घास घेणार नव्हते. सकाळचे दहा वाजले होते. तासाभरात त्यांची जीभ कोरडी पडली, पण पाणीही घेईनात. गाठीला हात लावला की ते अंगावर ओरडायचे.

मग माफ करणाऱ्यांची जी रीघ लागली ती विचारू नका. बेकरीवाल्यानं सांगितलं, भट्टीमागचा नळ अब्बांनी उलटा बसवला होता, सहा महिने गरम पाणी थंड तोटीतून येत होतं, जा, माफ केलं. अब्बांनी नीट ऐकून घेतलं. "तो नळ तसाच बसवायचा असतो," ते म्हणाले. काका आले. लहानपणी थोरल्या भावानं कानाखाली वाजवली होती, त्या कानानं आजही कमी ऐकू येतं, म्हणाले. त्यांनी माफ केलं, वर गळ्यात पडून रडलेही. अब्बांनी त्यांची पाठ थोपटली आणि तिला हळूच विचारलं, "हे गृहस्थ कोण?"

शिंपी आला. दोन शेजारणी आल्या. एकीनं तर कसलाच गुन्हा नसताना माफ केलं, उगाच मागे राहायला नको म्हणून. प्रत्येकाला अब्बा एकच उत्तर देत होते. "ते नव्हे."

तिचं डोकं पार भणाणून गेलं. कोण उरलं? भावाला परगावी फोन लावला, तो फोनवरून माफ करून मोकळा झाला, तोही कशाबद्दल ते न विचारता. बारा वाजले. इमामसाहेबांनी सगळ्यांना अंगणात नेलं आणि ती अब्बांसमोर मटकन बसली.

अब्बा तिच्याकडे टक लावून बघत होते, परक्या माणसाकडे बघतात तसे. "पोरी, सगळे काही ना काही घेऊन आले," ते म्हणाले. "तू एकटीच रिकाम्या हातानं?"

"माझं काही नाही."

"नक्की?"

आणि तिचा संतापच झाला. सकाळपासून आपण सगळ्या गल्लीला विचारत फिरलो आणि स्वतःला विचारलं नाही, याचा तो संताप होता. की सत्तावीस वर्षांचा होता? ते तिला धड सांगता आलं नसतं.

"चौदा वर्षांची होते मी," ती म्हणाली. "अम्मी अंथरुणाला खिळली. भाऊ शाळेत जात राहिला आणि मला घरी बसवलं. गणितात पहिली यायचे. गणिताच्या बाई घरी आल्या, दोनदा समजावून गेल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा दारच उघडलं नाही. मी आत भांडी घासत होते. बाई माझ्या नावानं हाका मारत होत्या, आणि माझ्या वडिलांनी ओठांवर बोट ठेवून मला गप्प राहायची खूण केली. मी गप्प राहिले. बाई निघून गेल्या. परत कधी आल्या नाहीत."

हे तिनं जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. अब्बांनाही नाही. ती हुंदके देऊन रडायला लागली आणि वाट बघत राहिली, आता म्हणतील, तेच ते, तेच मला आठवत नव्हतं.

अब्बांनी मोकळ्या हातानं चटईची दुमडलेली कड सरळ केली.

"वाईट केलं त्या माणसानं," मग ते म्हणाले. "फार वाईट. आहे का अजून?"

"आहेत."

"मग त्याला इथं पाठव." त्यांनी बांधलेलं मनगट तिच्यापुढे केलं. "सोड मला. माझं काय, मी काय केलं तेही मला माहीत नाही. उगाच खांब अडवून बसलोय. त्याला जागा लागेल."

हसावं की कपाळ बडवून घ्यावं, तिला कळेना. आपण माफ केलं का, तेही कळेना. तिनं गाठ सोडली. त्यांच्या दंडात इंजेक्शन टोचलं, बेकरीवाल्यानं आणलेला पाव तुकडे करून भरवला. अब्बांनी अख्खा पाव संपवला आणि दुसरा मागितला.

पायरीवर तिनं खाली बसून त्यांच्या पायांत चपला सरकवल्या. अब्बांनी तोल सावरायला तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"येईल ना तो?"

"येईल."

"आला की लगेच सोडू नकोस," अब्बा म्हणाले. दोन पायऱ्या उतरून ते पुन्हा थांबले. "पण फार वेळही ठेवू नकोस, पोरी. म्हातारा झाला असेल."