नोंद कोणी पुसली?

मी एक जुना तक्ता आहे. भिंतीवरचा नव्हे, एका रुग्णालयाच्या डेटाबेसमधला. रुग्णांची माहिती दुसरे तक्ते ठेवतात. त्या माहितीला कोणी, कधी, कुठल्या संगणकावरून हात लावला, आधी काय होतं आणि नंतर काय झालं, ते मी लिहितो.

मित्रांनो, डेटाबेस सांभाळणाऱ्या बाईंनी मला घडवलं. पहिल्या दिवशी व्यवस्थापकांनी माझी तोंड भरून स्तुती केली. पुढची सहा वर्षं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माणसं अशीच. पहारेकरी ठेवतात आणि त्याला काय दिसलं ते विचारत नाहीत. यंत्रणा जरा मंदावली की मात्र, "तो फालतू तक्ता काढून टाका हो!"

बाईंनी काढला नाही.

एका सकाळी नर्सताईंनी तीन नंबरच्या खाटेवरच्या आजींच्या माहितीत लिहिलं, की त्यांना अमुक एका औषधाची ॲलर्जी आहे. मोठ्या डॉक्टरांनी ते न वाचताच नेमकं तेच औषध लिहून दिलं. दुपारच्या पाळीत ते दिलं गेलं आणि आजींचा श्वास अडकला. कशाबशा वाचल्या.

चौकशी बसली.

"हिने नोंदच केली नाही," डॉक्टर म्हणाले.

"केली होती, सर. माझ्या हातांनी," ताई म्हणाल्या.

"मग गेली कुठे? पंख फुटले तिला?"

व्यवस्थापक हसले आणि त्यांनी ताईंपुढे निलंबनाचं पत्र सरकवलं.

तेव्हा बाईंनी मला उघडलं. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ताईंनी नोंद केली होती. दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, म्हणजे आजींचा श्वास अडकल्यानंतर, डॉक्टरांच्या नावाने, त्यांच्याच खोलीतल्या संगणकावरून ती पुसली गेली होती. एवढा शिकलेला माणूस, पण पुसलेलंही कुठेतरी लिहिलं जातं हे त्याच्या गावीही नव्हतं! असल्या हुशारीची मला कीव येते.

पत्र फाडलं गेलं. डॉक्टर रजेवर गेले ते परतलेच नाहीत. ताईंची माफी मात्र कोणीच मागितली नाही. व्यवस्थापकांना पहिला प्रश्न सुचला तो असा, "हा तक्ता बंद करता येतो का?"

"येतो की," बाई म्हणाल्या. "फक्त कोणी बंद केला, तेवढं लिहूनच तो बंद होईल."

मी अजून चालू आहे.

मित्रांनो, मला जपा म्हणून मी गयावया करणार नाही. कोणावर आळ घेण्याआधी मला एकदा उघडून वाचा. तेवढी तसदीही जड वाटत असेल, तर ताईंच्या डोळ्यांत बघून तसं सांगा.