तसबिरीतला डोळा

सोमवार, ५ ऑगस्ट १९३५. सकाळचे साडेदहा. नाशिकच्या एका धर्मादाय दवाखान्याची अंधारी खोली. तिथे ज्याचे उद्घाटन झाले, तो मी बोलतोय: डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा. जन्म जर्मनीचा. बोट, आगगाडी, शेवटी टांगा, इतक्या प्रवासात माझ्या भिंगावर ओरखडा उठला नाही. मनावर उठला तो इथे.

माझ्याबरोबर फोटोच्या बारा काचा आल्या होत्या. एका काचेवर एक डोळा. दवाखाना चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष खंडेराव जरीचा फेटा बांधून माझ्यापुढे बसले. फोटोत फेटा येणार नाही, हे डॉक्टरांनी तीनदा सांगितले.

"न का येईना. अध्यक्षानं बोडक्यानं बसायचं काय?"

मग मंडळाचे दहा सभासद, मानाप्रमाणे. अकरा निरोगी डोळे, अकरा काचा.

बारावी हबीबला मिळाली. हा येवल्याचा पैठणी विणणारा. त्याला धागा धुकट दिसू लागला होता. डॉक्टरांना आत सूज दिसली. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी फोटो पाहून इस्पितळात खाट दिली, तर महिन्याभरात नजर वाचणार होती. पुढे नाही.

काच मुंबईला गेली. अध्यक्षांच्या डोळ्याची तसबीर हार घालून भिंतीवर लागली. मुंबईचे उत्तर आले: "डोळा ठणठणीत आहे. रोगी ढोंग करतो."

डॉक्टर धावत तसबिरीपाशी गेले. सूज तिथे होती! काचांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. नव्या काचा यायला दोन महिने. डॉक्टरांनी तसबिरीची मूळ काच मागितली.

खंडेराव सभासदांसमोर कडाडले, "हा माझाच डोळा आहे. मी ओळखतो!"

स्वतःचा पडदा ओळखणारा माणूस मी प्रथमच पाहिला.

हबीबची बायको जैतुनबी दारात उभी होती. "तुमचाच हाय ना, साहेब? मंग सूजबी तुमचीच. जावा मुंबईला!"

खंडेरावांचा चेहरा उतरला. पण चारचौघांत शब्द मागे कसा घ्यायचा? काच घेऊन ते गेले. मुंबईने काच पाहिली आणि तडकाफडकी खाट दिली.

आज २ सप्टेंबर. काचांवाचून मी आंधळा, फडक्याखाली बसून आहे. हबीब बाहेर बाकावर आहे. आज भर उन्हात त्याने जैतुनबीला विचारले, "दिवा नाय लावला का?"

मुंबईत खंडेरावांचे डोळे पहिल्याच दिवशी निरोगी ठरले. हवापालट म्हणून ते त्याच खाटेवर राहिले आहेत. त्यांना उठवा, अशी दोन पत्रे डॉक्टरांनी मुंबईला आणि मंडळाला धाडली. महिना गुरुवारी भरतो. एकाही पत्राला उत्तर आलेले नाही.