खजुराच्या बीपासून

मुदस्सर गोलंदाजीला धावू लागला की आधी वाळूचा आवाज यायचा. भरड कापड सावकाश फाडावे तसा तो सुरू होई, पावलागणिक दाट होई, आणि सिमेंटच्या पट्टीवर अंथरलेल्या हिरव्या मॅटपाशी एकदम थांबे. मग क्षणभर काहीच नसे. सरत्या हिवाळ्याचे तिरपे पिवळे ऊन, उत्तरेचा वारा आणि हवेत उचललेला एक हात. चेंडू सुटण्याआधीची ती शांतता मला अजून ऐकू येते. चेंडू पुढे कुठे गेला हे मला तेव्हाही बहुतेकदा दिसत नसे.

आखातातल्या त्या शहरात, फरीज बिन ओमरान वस्तीतल्या एका फ्लॅटमध्ये आम्ही तिघे राहत होतो. मी वसईचा, एका इस्पितळाच्या कचेरीत कामाला. अन्वरमामू दापोलीकडचे, खालच्या गल्लीत त्यांचे शिवणकामाचे दुकान. आणि त्यांच्या शेजारच्या गावचा मुदस्सर, हमद पोर्टवर कंटेनर उतरवून घेण्याच्या कामावर. मी सदा पुस्तक घेऊन बसलेला, म्हणून तो मला मास्तर म्हणे. उंच, सडपातळ, बोलताना मान किंचित वाकवणारा. त्याचा उजवा खांदा कधी स्वस्थ नसे. चहा उकळेपर्यंत, लिफ्ट येईपर्यंत तो हात सावकाश फिरवत राही, विहिरीवरच्या रहाटासारखा, जणू आत खोल कुठे साठलेली ताकद पोहऱ्या-पोहऱ्याने वर काढतो आहे. गावी ओहोटीच्या ओल्या वाळूवर तो गोलंदाजी शिकला होता. भरती येण्याआधी षटक संपवायची ती घाई त्याच्या अंगात कायमची राहिली. कुणी वयावरून चिडवले तर म्हणे, चेंडूला कुठे जन्मतारीख वाचता येते.

दरवर्षी याच दिवसांत अबू हमूरच्या पलीकडे, वाळूच्या मैदानावर निवडीचे शिबिर भरे. त्यातून लीगचा संघ ठरे, आणि तो संघ हिरवळीच्या मैदानावर खेळे. आधी दोनदा मुदस्सरचे नाव शेवटच्या यादीतून गळले होते. यंदा बोलावणे आले तेव्हा प्रशिक्षकांनी सरळच सांगितले की हे शेवटचे, यापुढे तरुण पोरेच पाहणार. हिरवळीवरून धावताना पावलांचा आवाज येतो का, असे त्याने त्या रात्री मला विचारले होते. मला माहीत नव्हते.

त्या वर्षी शिबिर रमजानात आले. प्रशिक्षक श्रीलंकेचे, वयस्क, तुटक हिंदी बोलणारे, मायाळू पण शिस्तीचे गृहस्थ. मागे एक खेळाडू रोजात चक्कर येऊन पडला होता, तेव्हापासून त्यांचा नियम झाला होता : रोजा असलेल्यांनी इफ्तारनंतर, दुसऱ्या गटात यायचे. नियमात काही वाईट नव्हते. फक्त निवड करणारी मंडळी दुपारीच येऊन बसत आणि मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, आधी उठून जात. पहिल्या दिवशी प्रशिक्षकांनी विचारले, रोजा कुणाकुणाला आहे? मुदस्सरने हात वर केला नाही.

घरी मामूंना हे कळले तेव्हा ते काजाचे टाके घालत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण सुई थांबली.

“रोजा धरतोस नि वर खोटं बोलतोस,” ते म्हणाले. “मग तुझ्याकडे उरलं काय रे? नुसती भूकच ना?”

“भूक तर भूक, मामू,” मुदस्सर म्हणाला. “तीपण माझीच हाय.”

मामू हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पहाटे, सहेरीच्या जेवणाला, त्यांनी त्याच्या ताटात स्वतःच्या वाटणीचे दही सरकवले, आणि तोंडाने शिव्या घालत राहिले.

माझाही तो उपासकाळ होता. शुक्रवारी मिस्सा आटोपून मी चर्चच्या आवारातून चालत मैदानावर जाई आणि दुपारभर एकुलत्या एका पत्र्याच्या सावलीत बसे. मांस सोडले होते एवढेच. माझा उपवास सावलीतला होता. त्याचा उन्हात उभा होता, आणि त्याला लपावेही लागत होते. पाण्याची सुट्टी झाली की सगळ्यांबरोबर तोही बाटली उचली. गाल फुगत, डोके मागे जाई, सगळे अगदी प्याल्यासारखे. मग तो वाऱ्याकडे पाठ करून चूळ टाकी. गोलंदाज थुंकतातच, कोण बघतो? मी बघत होतो. मी फक्त त्याच्या गळ्याकडे बघत होतो, तिथला उंचवटा हलतो का म्हणून. तो हलत नसे. दिवस चढत गेले तसे त्याचे ओठ पांढरे पडत गेले, आणि दर सुट्टीला, तो उंचवटा एकदाचा हलावा की हलू नये, यांपैकी मी नेमके काय मागत होतो ते मला सांगता येणार नाही.

संध्याकाळी अजान झाली की तो मैदानाच्या टोकाला, इतरांपासून दूर, खिशातला खजूर काढून रोजा सोडी. मग ती बी चोखून स्वच्छ करी आणि जिथून त्याची धाव सुरू होई तिथे वाळूत अंगठ्याने दाबून ठेवी. बाकीचे गोलंदाज बुटाने रेघ ओढत. रेघ वारा रात्रीत पुसून टाकी. बी राही. दुसऱ्या दिवशी येऊन तो बोटांनी वाळू चाचपून ती शोधी, आणि सापडली की चेहऱ्यावर घरची किल्ली सापडल्याचा आनंद उमटे. कालची भूक जिथे संपली तिथून त्याचा आजचा पहिला चेंडू निघत असे.

शेवटच्या दिवशी वारा धुळीचा होता आणि ऊन अकालीच तापले होते. निवड करणारे पुढे सरकून बसले होते. मुदस्सरने त्या दुपारी जी गोलंदाजी केली तिला वेग हा शब्द अपुरा आहे. तो चेंडू फेकत नव्हता, आपल्यातून काहीतरी सोडवून देत होता. एक यष्टी मुळापासून उखडली तेव्हा निवड करणाऱ्यांपैकी एकाने शेजाऱ्याच्या कानाशी लागून काही विचारले. बहुधा नाव. पुढच्या चेंडूनंतर मात्र मुदस्सर परतताना वाट चुकल्यासारखा तिरपा चालला, आणि प्रशिक्षक बाटली घेऊन स्वतः त्याच्याकडे गेले.

मी पत्र्याखालून उठलो होतो. तोपर्यंत सगळेच तिकडे बघत होते. त्याने बाटली घेतली, गाल भरले. प्रशिक्षक त्याच्या गळ्याकडेच बघत होते.

“गिळ,” ते म्हणाले.

वारा होता, तरी तो शब्द माझ्यापर्यंत आला. मुदस्सर भरल्या गालांनी उभा राहिला. एक घोट, आणि हिरवळ. मग त्याने मान वळवली, पाणी वाळूवर सोडले आणि म्हणाला, “सर, रोजा आहे. पहिल्या दिवसापासून.”

प्रशिक्षकांनी चेंडूसाठी हात पुढे केला. मुदस्सरने तो दिला नाही. षटक पुरे करू द्या, एवढेच तो म्हणाला. बराच वेळ तो हात तसाच हवेत राहिला. मग खाली आला. उरलेले चेंडू मुदस्सरने टाकले; प्रशिक्षक त्याच्या धावेच्या वाटेशेजारी उभे राहिले, पडलाच तर झेलता यावे इतक्या जवळ.

नंतर ते त्याला रागावले नाहीत. “तू पडला असतास तर तुझ्या घरी फोन मला करावा लागला असता,” इतकेच म्हणाले आणि चेंडू मागून घेतला. यादीत त्याचे नाव नव्हते. ते त्याला आधीच उमगले असावे, कारण अजानीनंतर त्याने खजूर खाल्ला, बी चोखली आणि नेहमीच्या जागी, नेहमीपेक्षा सावकाश, दाबून ठेवली. मामू त्याला न्यायला आले होते. आता कशाला रे, असे त्यांनी विचारले.

“ऱ्हाऊ दे, मामू. जागा चांगली हाय.”

त्या उन्हाळ्यात तो रजेवर गावी गेला. तापाचे निमित्त झाले, तो तिथेच गेला, परत आला नाही. मामूंनी दुकान दोन दिवस उघडले नाही. प्रशिक्षकांना फोन मी केला. ते म्हणाले की ते शेवटचे चेंडू त्यांना त्याच्याकडून काढून घ्यायचे होते, बरे झाले घेतले नाहीत.

यंदा पुन्हा शिबिर भरले आहे. शुक्रवारी मिस्सा झाल्यावर मी तिकडे गेलो. सुट्टी झाली होती, मैदान रिकामे होते आणि मधल्या काळात केव्हातरी वाळू यंत्राने सपाट केलेली दिसत होती. बी मी शोधली नाही. शोधायची कशी तेही मला येत नाही. पण ती जागा आली तेव्हा माझी पावले आपोआप आखडली आणि मी वळसा घालून पलीकडे गेलो, कुणाची धाव माझ्यामुळे अडू नये म्हणून. काळ त्या यंत्रासारखा, वरून सारखे सारे सपाट करत राहतो. गेलेली माणसे कुठे जातात हे मला कळत नाही. पण जिथून आपण न ठरवता बाजूला होऊन चालतो, तेवढ्या जागेत ती अजून, हात उचलून, उभी असतात.