पेडलवरचा उजवा बूट

माझ्या तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी, एक खळगा आहे. शर्टाच्या बटणाएवढा, काठ गुळगुळीत, आणि मध्ये चामडे इतके पातळ की बोटाने दाबले तर आत जाते. टाच मात्र जवळजवळ नवी आहे. चालणारा बूट आधी टाचेला झिजतो. यावरून तुम्ही ओळखले असेल, मित्रांनो, की मी फारसा चाललो नाही. मी एक जुना काळा बूट आहे, उजव्या पायाचा, आणि माझे आयुष्य पियानोच्या पेडलवर गेले.

एका म्हाताऱ्या कारागिराने मला ताईंच्या पहिल्या जाहीर कार्यक्रमासाठी शिवले. ताई म्हणजे माझ्या मालकीणबाई. त्यांची धाकटी बहीण त्यांना ताई म्हणते, म्हणून मीही म्हणतो. ताईंनी सर्वांत पातळ तळ मागितला. खडा टोचेल, असे कारागिराने बजावले. मला खड्यांवरून चालायचे नाही, पेडल पायाला कळले पाहिजे, असे ताई म्हणाल्या. मग तुम्हाला बूट नको, मोजाच हवा, असे पुटपुटत त्याने तळ तासला.

पेडल काय करते ते सांगतो. पियानोच्या जवळजवळ प्रत्येक तारेवर नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, एक गादी असते. पट्टीवरचे बोट उचलले की गादी तारेवर बसते आणि सूर थांबतो. उजवे पेडल दाबले की सगळ्या गाद्या एकदम वर उचलल्या जातात. मग बोट निघाले तरी सूर रेंगाळतो, पुढच्या सुरात मिसळतो, ओल्या कागदावर रंग पसरावा तसा. ताईंच्या गुरू म्हणत, पेडल म्हणजे मीठ. ताटात दिसू नये, पण जिभेला कळावे. ताई मला अर्धा दाबत, पाव दाबत, कधी नुसता टेकवून ठेवत. तेव्हा तारांची थरथर पेडलच्या दांडीतून माझ्यात उतरे आणि मला वाटे, आपण पाण्याखाली आहोत आणि वर कुठेतरी पाऊस पडतो आहे.

आम्ही पुष्कळ गावे पाहिली. पाहिली म्हणजे त्यांची पेडले पाहिली. एक कुरकुरे, एक इतके ताठ की पोटरी दुखे. पियानो काही बरोबर नेता येत नाही. बूट नेता येतो. कापडी पिशवीत मी आणि डावा शेजारी शेजारी झोपत असू. डावा माझा सख्खा भाऊ. बहुतेक वेळ मंचावर नुसता बसून राहिला, तरी पॉलिश मात्र दोघांना सारखेच. लोक ताईंच्या बोटांचे कौतुक करत, हातांचे फोटो काढत. बुटांकडे कोणी पाहिले नाही. मला त्याचे वाईट वाटले नाही. थोडेसे वाटले.

मग उजव्या हाताच्या करंगळीशेजारचे बोट ऐकेनासे झाले. दुखत नव्हते, नको तेव्हा आत वळायचे आणि वेळेवर उठायचे नाही. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. ताईंनी ती घेतली, पण बोट तसेच राहिले. सुरांमध्ये फट पडू लागली, आणि ती फट बुजवायला ताई मला जरा जास्त वेळ दाबून ठेवू लागल्या. मग आणखी जरा.

गंमत पाहा, याचीच वाहवा झाली. वर्तमानपत्रांत आले की त्यांच्या वादनात आता धुके उतरले आहे, स्वप्न उतरले आहे. ताईंनी ते वाचून घडी घातली आणि पिशवीत माझ्याखाली अंथरली.

धाकटी मात्र फसली नाही. ती मंचावर ताईंच्या डाव्या हाताला बसून स्वरलिपीची पाने उलटत असे. तिथून पाय स्पष्ट दिसतो. एकदा ताई मला पायातून काढत असताना ती सहज म्हणाली, "ताई, हल्ली बोटांपेक्षा पायच जास्त बोलतो तुझा."

"हा हंगाम होऊ दे," ताई म्हणाल्या. पुढच्या हंगामातही तेच म्हणाल्या. तोवर माझ्या शिवणीचा दोरा सुटला होता, आणि मला पुसायचेही कोणाच्या लक्षात राहत नव्हते.

मित्रांनो, एखादी वस्तू एकाच जागी झिजू लागली तर तिला नुसता नवा तळ लावू नका. तिच्यावर कोणाचा भार येऊन पडला आहे, तेही बघा. वस्तू जपायची ती अशी.

मग एका कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी सभागृहात सरावाला बसलो आणि पेडलची दांडी निसटली. पियानो दुरुस्त करणारे हत्यारे घेऊन खाली वाकले आणि म्हणाले, थोडा वेळ लागेल. माझ्याखाली नुसती जमीन होती.

"तोवर ते लहानपणचं वाजव ना," धाकटी म्हणाली. "पाय पोचायचे नाहीत तेव्हाचं. खुर्चीवरून लोंबकळायचे तुझे पाय, आणि मी खालून गुदगुल्या करायचे."

ताई हसल्या आणि वाजवू लागल्या. सोपी, संथ चाल होती. एकेक सूर कोरडा पडला, फरशीवर मणी पडावा तसा. आणि जिथे ते बोट उठले नाही, तिथे काहीच पडले नाही. पडलेल्या दातासारखी ती जागा उघडी दिसत होती. ताई पुन्हा तिथे आल्या, पुन्हा तेच. त्यांनी शेवटपर्यंत वाजवले. धाकटीने सवयीने पान उलटायला उचललेला हात तसाच मांडीवर ठेवला.

तेवढ्यात सभागृहाचे व्यवस्थापक आले. दांडी बसते आहे ना, हे त्यांनी आधी विचारले आणि मग नेहमीप्रमाणे पुढच्या हंगामाच्या तारखांचा विषय काढला. ताई दरवेळी "बघू" म्हणत. आज त्यांनी वाकून मला पायातून काढले, मांडीवर घेतले आणि तो खळगा अंगठ्याने चाचपला. रुमालाने माझ्यावरची धूळ पुसली. मग मान वर केली.

"आज संध्याकाळी वाजवते," ताई म्हणाल्या, "जेवढं येतं तेवढं, न झाकता. पुढच्या हंगामात मला धरू नका. मी थांबतेय."