टाइपरावाचा पुढचा आठवडा

सम्राटनं व्हिडिओ गेमचं मशीन दोन विटांवर पालथं ठेवलं, खालून बोट घालून बटण दाबलं आणि श्वास रोखला. सरळ ठेवलं तर ते सीडी वाचत नसे. का, ते कुणालाच माहीत नव्हतं.

"फिरतंय का रे दादा?"

"कान लाव."

तेजश्री पदर सावरत फरशीवर आडवी झाली आणि तिनं मशीनला कान लावला. "पिठाच्या गिरणीगत घरघरतंय."

"मंग तब्येत चांगली हाय."

तब्येत हा शब्द त्या घरात आठवडाभर जपून वापरला जात होता. दोघांनीही एकदम दाराबाहेर बघितलं. ओट्यावरच्या खाटेवर साहेबराव, म्हणजे त्यांचे आबा, पेपर वाचत बसले होते. ऐकलं असलं तरी त्यांनी तसं दाखवलं नाही.

तेजश्री सकाळच्या एसटीनं शिरूरहून आली होती आणि सम्राट रांजणगावच्या कंपनीतून रजा टाकून. दोघंही दौंडला आले होते ते आबांना समजवायला. समजावून झालं होतं. आबांना ते समजलं नव्हतं. जेवायला अजून वेळ होता, म्हणून सम्राटनं माळ्यावरून मशीन काढलं आणि तेजश्रीनं पर्समधून लवंगांची डबी. डबीत खेळाचं मेमरी कार्ड होतं, अर्धा राहिलेला डाव जपून ठेवणारं. लग्न होऊन सासरी जाताना तिनं ते नेलं होतं आणि नवऱ्याला कधी दाखवलं नव्हतं.

आबा मालगाडीचे गार्ड म्हणून रिटायर झाले होते. मागच्या आठवड्यात पुण्याच्या हॉस्पिटलात मांडीतून तार घालून त्यांचं हृदय बघितलं, तेव्हा दोन नळ्या तुंबलेल्या निघाल्या. आत्ताच फुगा फुगवून जाळी बसवू, इथं सही करा, असं डॉक्टर म्हणाले. आबा म्हणाले, "गाडीचे ब्रेक डोळ्यांनी बघितल्याबिगर मी जन्मात सही केली न्हाई. दाखवा." डॉक्टरांनी दाखवलं. पडद्यावर काळे धागे वळवळत होते. "ही भीमा नदी हाय," आबा म्हणाले आणि कपडे मागितले. आठवड्याच्या आत या, असं बजावून डॉक्टरांनी सीडीचं पाकीट हातात दिलं. दत्ताच्या सायबर कॅफेत ती सीडी उघडली नाही. आठवडा उद्या संपत होता.

टीव्हीवर हिरवं कुरण उगवलं. कुरणात एक झोपडी, झोपडीपुढं दगडांची रास, आणि राशीवर रिटायर झालेल्या हेडमास्तरांचा असावा तसा चेहरा.

"टाइपराव!" दोघं एकदम ओरडले.

खेळ राक्षस पाळायचा होता. त्यातली गंमत अशी की राक्षस खेळात नसायचे. मशीननं सांगितलं की खेळाची सीडी काढायची, घरातली दुसरी कुठलीही सीडी घालायची, आणि तिच्यातून राक्षस जन्माला यायचा. शाळेत असताना दोघांनी गल्लीतल्या सगळ्या सीड्या मागून आणल्या होत्या. भीमजयंतीच्या गाण्यांतून पंखवाला अजगर निघाला, तेव्हा गल्ली दोन दिवस ताठ मानेनं चालली. पोपटरावांच्या मुलाच्या लग्नातून नुसता एक डोळा आणि तोंड असलेलं काहीतरी निघालं. नवी सून ते बघायला आली, आणि काही न बोलता घरी गेली. टायपिंग शिकवायच्या सीडीतून निघाला तो टाइपराव. त्यानं दुसरे राक्षस लोळवून या दोघांना कपामागून कप जिंकून दिले. मग एके दिवशी खेळात मदतीला असलेल्या पोरीनं, ही दोघं तिला मॅडम म्हणत, इंग्रजीत असं काही लिहून दाखवलं की दोघांनी डिक्शनरी उघडली, मिटली आणि पुन्हा उघडली. टाइपरावाचे दिवस भरत आले होते.

त्या दिवशी दोघांनी शपथ घेतली की 'पुढचा आठवडा' हे बटण दाबायचंच नाही. मशीन माळ्यावर गेलं. आता सम्राटला टक्कल पडायला लागलं होतं, तेजश्रीचं पोरगं बालवाडीत होतं, आणि टाइपराव जिथल्या तिथं उभा होता.

"हा अजून हाय व्हय?"

आबा दारात येऊन थांबले होते. त्यांनी पूर्वी एकदा याच राक्षसाची वायर उपटली होती.

"हाय की, आबा."

"चालत का न्हाई?"

"फुडचा आठवडा दाबला की चालंल."

"मंग दाबा की. कुनाची वाट बघताय?"

तेजश्री कंट्रोलरची वायर सोडवायला लागली. शेवटी सम्राट म्हणाला, "दाबला तर मरायची भीती हाय."

"आन् न्हाई दाबला तर?"

"तर काय न्हाई. ऱ्हातो."

आबा भिंतीला टेकून खाली बसले आणि त्यांनी चष्मा पुसला. "कवापस्नं उभाय?"

"मी धाव्वीत हुतो, तवापस्नं."

"खातो काय?"

"काय न्हाई."

"हिंडतो फिरतो?"

"न्हाई, आबा."

"झ्याक," आबा म्हणाले. "आन् सकाळधरनं दोघं मला शानपण शिकवताय."

तेजश्रीनं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. "आबा, ते येगळं."

"कसं येगळं? सांग की."

तेजश्रीनं सम्राटकडं बघितलं. सम्राट मदतीला आला नाही. त्याला टाइपराव एकदम फार दमलेला वाटायला लागला होता.

"आमी दाबलं," तेजश्री म्हणाली, "तर तुमी उद्या पुण्याला येनार?"

"दाबा आधी. मंग बघू."

"बघू न्हाई. येनार का ते बोला."

आबांनी टीव्हीकडं बघितलं. टाइपरावानं पापणी हलवली. तेवढंच त्याला येत होतं.

"येतो," आबा म्हणाले.

सम्राटनं अंगठा शर्टाला पुसला. तेजश्रीनं दोन्ही हातांनी चेहरा झाकला आणि बोटांच्या फटीतून बघायला लागली. त्यानं बटण दाबलं.

टाइपराव जांभई देऊन उठला, ओंडके वाहायच्या कामावर गेला आणि एकही न पाडता परत आला. मॅडमनं टाळ्या वाजवल्या. तेजश्रीनं किंकाळी फोडली. आबांनी नकळत मांडीवर थाप मारली आणि मग ती मांडी तारेची होती हे त्यांना आठवलं.

"फुडचा!" ते म्हणाले. "हान!"

पुढच्या आठवड्यात टाइपरावानं पाट्याएवढे दगड फोडले. आबा सरकत सरकत टीव्हीपाशी आले. त्यांनी सम्राटच्या हातातला कंट्रोलर घेतला, झेंडी धरावी तसा मुठीत धरला आणि नको ती सगळी बटणं दाबून झाल्यावर हवं ते दाबलं.

या वेळी टाइपराव झोपडीतून बाहेर आला नाही. मॅडम मान खाली घालून उभी राहिली. झोपडीवर संध्याकाळ झाली आणि एक बारीकशी धून वाजायला लागली.

"गेला!" तेजश्री ओरडली. "आबा! गेला!"

स्वयंपाकघरात भाकरी थापायचा आवाज चालू होता, तो थांबला.

आई, म्हणजे अनसाबाई, धावत आल्या नाहीत. त्या चालत आल्या आणि आत न बघता दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. पिठाची बोटं लाकडात रुतवावीत तशी त्यांनी धरली होती. मग त्यांनी मान वळवली. नवरा मांडी घालून बसला होता, हातात कंट्रोलर होता आणि डोळे ओले होते.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांचा नव्हता.

"टाइपराव," आबा गंभीरपणे म्हणाले.

अनसाबाईंनी टीव्हीकडं बघितलं. मग सम्राटच्या पाठीत एक अशी घातली की पिठाचा पंजा दिवसभर त्याच्या शर्टावर राहिला. "मुडद्या! ही मस्करी करायची येळ हाय?" एवढंच म्हणून त्या उंबऱ्यावर बसल्या आणि उठल्याच नाहीत. तव्यावरची भाकरी करपली, तिचा वास घरभर झाला, तरी उठल्या नाहीत.

टीव्हीवर टाइपरावाच्या झोपडीवर फुलं पडत होती. ती बघायची सोडून आबा बायकोकडं बघत राहिले.

"सम्राट," ते म्हणाले. "पाकीट आन."

"कसलं?"

"माझ्या छातीचं. झोपडी रिकामी झाली न्हवं? मंग माझी घाल."

बहीणभावांनी एकमेकांकडं बघितलं. गल्लीतली ही एकच सीडी राहिली होती. सम्राटनं मशीन सरळ केलं, खेळाची सीडी काढली, कडांना धरून आबांच्या काळजाची बसवली, झाकण लावलं आणि मशीन परत विटांवर पालथं घातलं.

मशीन घरघरलं. थांबलं. खोकल्यासारखा आवाज करून पुन्हा फिरायला लागलं. पोपटरावांच्या मुलाच्या लग्नालासुद्धा त्यानं एवढा वेळ लावला नव्हता. उंबऱ्यावरच्या अनसाबाई डोळे पुसून केव्हा टीव्हीच्या बाजूला सरकल्या ते कुणाला कळलं नाही.

"राक्षस घावंना वाटतं," आबा पुटपुटले.

मग मशीननं खेळाची सीडी परत मागितली. घाईघाईनं ती बसवली. पडद्यावरच्या गोल चौथऱ्यावर उजेड पडला आणि उजेडातून उडी मारून बाहेर आला तो लालभडक, गरगरीत, दोन आखूड शिंगांचा. तो एका जागी ठरेना. त्यानं कोलांटी मारली, पडला आणि कुणी बघितलं तर नाही ना, असं बघितलं.

"हा?" आबा म्हणाले. "हा माझ्या छातीत?"

"हाच, आबा."

"शिंगं तुमचीच हायती," अनसाबाई म्हणाल्या.

आबा गुडघ्यांवर टीव्हीच्या काचेपाशी गेले. "ह्याच्या कसल्या नळ्या तुंबत्यात! उड्या मारतोय की!"

राक्षस आजारी निघायला हवा होता, नाहीतर आबा परत अडून बसतील, हे सम्राटच्या लक्षातच आलं नव्हतं. तेजश्रीनं त्याच्याकडं असं बघितलं की आईचा मघाचा मार बरा.

आबा बराच वेळ बघत होते. राक्षस कुंपणापर्यंत पळत जायचा, तिथं थांबायचा आणि परत यायचा.

"एवढा तगडा गडी," आबा म्हणाले, "आन् दोन नळ्यांपायी आउटर सिग्नलला उभा." त्यांनी भिंतीचा आधार घेतला आणि ते उठले. "सकाळची गाडी कितीची हाय?"

मालगाडीत जन्म काढलेल्या माणसाला दौंडहून पुण्याची गाडी माहीत नसेल असं होणार नव्हतं. पण सम्राटनं वेळ सांगितली आणि आबांनी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान डोलावली.

राक्षसाचं नाव त्यांनीच ठेवलं, पॅसेंजर. संध्याकाळपर्यंत त्यांनी त्याला कामावर धाडलं, दमला तेव्हा आराम दिला, आणि त्याच्या नावानं मॅडमशी भांडले.

"नळ्या उघडल्यावर नवी सीडी देत्यात का रे?" रात्री जेवताना त्यांनी विचारलं.

"देत असत्याल."

"मंग तिच्यातनं कोन निघंल? ह्योच का दुसरा?"

हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. आबांनी घास तसाच हातात धरला. त्यांना बघायची घाई झालेली दिसत होती.

सकाळी निघताना, चप्पल घालता घालता, ते अनसाबाईंकडं वळले. हॉस्पिटलच्या वासानं त्यांना मागच्या वेळी घेरी आली होती, म्हणून त्या तेजश्रीसोबत घरीच थांबणार होत्या.

"पॅसेंजरला बघ."

"आबा, मशीन बंद ठेवलं की तो तसाच ऱ्हातो," सम्राट म्हणाला. "आपन आल्यावर..."

"बंद ठेवायचं न्हाई." आबांनी दुसरी चप्पल घातली. "म्हातारा झाला तर हू दे. उभा ठेवू नका त्याला."

दुपारी हॉस्पिटलात, बंद दरवाजासमोरच्या बाकड्यावर सम्राटचा मोबाइल वाजला.

"पयला आला रे!" अनसाबाई ओरडत होत्या, आणि त्यांच्यामागून तेजश्री. "त्या ढेरपोट्या अस्वलाला उताना पाडला! कप भेटला!" मग एकदम आवाज खाली आला. "तिकडं?"

"अजून आत हायती, आई."

"बरं. आता हा दमलाय म्हनतीय ती पोरगी."

"आराम दे त्याला."

"दिलाय," त्या म्हणाल्या. फोन त्यांनी ठेवला नाही. त्यानंही ठेवला नाही.

दरवाजा उघडला. डॉक्टर म्हणाले, झालं, दोन्ही उघडल्या, आणि पाकीट सम्राटच्या हातात दिलं. सम्राटनं ते फोनवर सांगितलं. पलीकडं तेजश्रीनं किंकाळी फोडली, आणि तिच्यामागं खेळ चालूच राहिला.

आबांना काचेपलीकडच्या खोलीत आणलं तेव्हा ते सरळ उताणे होते. पाय हलवायचा नाही असं त्यांना बजावलं होतं. त्यांनी मान वळवून सम्राटला शोधलं, मोकळा हात वर केला आणि बोटानं हवेत एक मोठा गोल काढला. मग दुसरा.

सिस्टर बाहेर आल्या. "आजोबांना भूक लागलीय वाटतं. भाकरी मागतायत. सांगा त्यांना, आज फक्त पातळ."

सम्राटनं पाकिटातून सीडी काढली आणि कडांना धरून काचेला लावली. आबांनी डोळे बारीक करून ती नीट तपासली. मग गार्डानं झेंडी दाखवावी तसा हात आडवा धरून सावकाश हलवला, डावीकडं, उजवीकडं, लांबच्या कुणाला तरी दिसावा असा.

"आता काय म्हणतायत?" सिस्टरनी विचारलं.

"काही नाही," सम्राट म्हणाला. "गाडी सुटली म्हणतायत."