बारक्याच्या पेशी

माझ्याकडे लस टोचून घ्यायला आलेलं सगळ्यात मोठं बाळ चौपन्न वर्षांचं होतं. डोक्याला रुमाल, तोंडाला मास्क, आणि रांग मोडून पुढे घुसणाऱ्या एका आईला त्या बाळाने बसल्या जागेवरून असं काही सरळ केलं, की माझं काम वाचलं.

एकतीस वर्षं मी या बालदवाखान्यात नर्स आहे. त्या दिवशी बाकावर सहा आया सहा तान्ही पोरं घेऊन बसल्या होत्या आणि टोकाला, जरा अंतर राखून, या ताई. शेजारी एक आडदांड माणूस बाकावर अर्धाच टेकला होता, केव्हाही पळता यावं असा.

"बाळ कुठंय?" मी विचारलं.

"मीच," म्हणत ताईंनी मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी पुढे केली.

चिठ्ठीत सगळं होतं. रक्ताचा कर्करोग. सात महिन्यांपूर्वी बोन मॅरो बदललेला. म्हणजे हाडांच्या पोकळीतला मगज, जिथं आपलं रक्त तयार होतं, तो आधी औषधांनी पार मारून टाकला आणि मग धाकट्या भावाच्या मगजातल्या पेशी शिरेतून आत सोडल्या. त्या रुजल्या. ताई वाचल्या. पण जुन्या पेशी गेल्या त्या लहानपणापासून शिकलेलं सगळं घेऊनच गेल्या. घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, सगळ्या लसी पुन्हा पहिल्यापासून. मोठ्यांच्या हॉस्पिटलात बाळांच्या लसी ठेवत नाहीत, म्हणून त्यांना आमच्याकडे धाडलेलं.

"कार्ड बाळांचंच आहे हो," मी म्हणाले. वर ससा छापलेला होता.

"असू दे. वजनाचा रकाना तेवढा कोरा ठेवा."

"का? लिहू दे की," तो माणूस म्हणाला.

"बारक्या, तू गप."

बारक्या म्हणजे तो भाऊ. वय पन्नास, वजन शंभरच्या पुढे, धंदा गाडी शिकवण्याचा. तोंडावर मी त्याला भाऊ म्हणायचे, मनात मात्र तो पहिल्या दिवसापासून बारक्याच झाला. मी सुई काढली तसा तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. हाच माणूस बहिणीसाठी कमरेच्या हाडात सुया टोचून घेऊन आला होता.

"मला बेशुद्ध केलं होतं तेव्हा," तो भिंतीला म्हणाला. "शुद्धीत काही आपल्याला जमत नाही."

ताईंनी दंड पुढे केला. "सिस्टर, एक विचारू? यालाही लहानपणी टोचलं होतं ना? आता रक्त याचंच आहे. माझा रक्तगटसुद्धा बदलून याचा झालाय. मग याच्या पेशींना हे सगळं ठाऊक नाही?"

"थोडंफार त्याचं तुमच्यात येतं, पण टिकत नाही. त्यावर भरवसा ठेवता येत नाही. आता तुमच्यात नव्याने निघताहेत त्या पेशी कोऱ्या. त्यांतल्या प्रत्येकीला एकच आकार ओळखता येतो. एखादा जंतू आत आला, तर कोट्यवधींत त्याला ओळखणाऱ्या असतात मूठभर. त्यांची नि त्याची गाठ पडली, की एकीच्या दोन, दोनाच्या चार होत जातात. काही अँटीबॉडी बनवतात, त्या जंतूला जाऊन चिकटतात. काही, जंतू शिरलेल्या पेशी हुडकून मारतात. पण या सगळ्याला आठ-दहा दिवस जातात."

"तोवर माणूस आडवा."

"म्हणून लस. जंतूचा निकामी केलेला अंश आधीच दाखवून ठेवायचा. लढाई आटोपली की बहुतेक पेशी मरतात, थोड्या राहतात. खरा जंतू आला की त्या लगेच उठतात."

ताईंनी विचार केला. "म्हणजे भरल्या बाजारात चोराचं तोंड ओळखणारी चारच माणसं, आणि ती नेमकी कुठं चहा पीत बसलीत देव जाणे."

मी हसले आणि हसता हसता टोचलं. ताईंनी हूं की चूं केलं नाही. मागे धप्प आवाज झाला. बारक्या भिंतीवरून घसरत खाली बसला होता.

महिन्याच्या अंतराने तीन डोस झाले. मग ताईंचं रक्त तपासायला गेलं आणि अहवाल घेऊन दोघं आमच्याकडे आले. तिघांनी तो कागद वाचला. अँटीबॉडी जवळजवळ नव्हत्याच. एवढ्या सुया टोचल्या, त्या पालथ्या घड्यावर पाणी.

डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं. छातीच्या हाडामागे एक ग्रंथी असते. काही पेशी तिथं तयार होतात, आपलं कोण नि परकं कोण हे तिथं शिकतात, आणि बाकीच्यांना कामाला लावणाऱ्याही त्याच. बाळाची ती ग्रंथी चांगली मोठी असते, चौपन्नाव्या वर्षी सुकून गेलेली. सगळं हळू चालणार. पुन्हा तीन डोस घ्या, म्हणाले.

बारक्याचं तोंड मात्र एवढंसं झालं. "माझ्या पेशी नापास झाल्या," तो म्हणाला.

"नववीत दोन वर्षं काढली होतीस," ताई म्हणाल्या. "शेवटी पास कोणी केलं?"

"तू."

"मग? आताही करीन."

आवाज अगदी ठाम होता. पण बारक्या रिक्षा बघायला बाहेर गेला आणि ताईंनी रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. "त्याच्यासमोर नको," म्हणाल्या. "पेशी त्याच्या ना. जिवाला लावून घेतो."

दोन दिवसांनी बारक्या एकटाच आला. दारात घुटमळला. "सिस्टर, मी काय खाल्लं म्हणजे त्या पेशी जोर धरतील?"

"भाऊ, त्या आता ताईंच्या अंगात आहेत. तुम्ही इकडे काहीही खा, त्यांना काय कळणार?"

"बरोबर. ते बरोबरच आहे." तो जायला निघाला, परत वळला. "सिगारेट सोडली मी तरी. असू दे, उगीच."

दुसऱ्या खेपेचा शेवटचा डोस घ्यायला ताई आल्या तेव्हा हातात डबा होता. ताईंची स्वतःची बेकरी, पण जंतूंच्या धास्तीने वर्षभर त्यांना तिथलं काही खायला बंदी होती. ती नुकतीच उठली होती, आणि पहिल्या दिवशी त्यांनी केला तो अक्रोडाचा केक. बारक्याने डब्याकडे पाहून हात मागे घेतला. त्याला लहानपणापासून अक्रोड चालत नाही, ओठ सुजतात. ताईंनी टोचून घेतलं, केकचा मोठा तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "वर्षभर याचाच ध्यास होता हो."

पाच मिनिटांत त्या मान खाजवू लागल्या. मग ओठ जड झाले. मग आवाज बसला. मी आधी लसीवर संशय घेतला, मग केकवर, आणि दोन्हींवर औषध एकच होतं. लस टोचायच्या खोलीत अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन हाताशी ठेवावंच लागतं. मी ते मांडीत टोचलं, ताईंना आडवं केलं. "भाऊ, पाय वर धरा!" बारक्याने ते पाय असे धरले, की नंतर अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना सोडवून घ्यावे लागले. सुई बघून तो पडला नाही, हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

अ‍ॅम्ब्युलन्सच्या दाराशी तो रडत होता. "मीच दिलं ना हे तिला?"

तेच निघालं. मॅरोबरोबर देणाऱ्याची अ‍ॅलर्जी कधी कधी घेणाऱ्याकडे येते. जंतू ओळखणाऱ्या याच फौजेने बारक्याच्या लहानपणी कधीतरी अक्रोडालाच वैरी ठरवलं होतं, आणि ती चूक तशीच्या तशी बहिणीच्या घरी नांदायला आली होती.

पुढच्या आठवड्यात ताई धडधाकट माझ्यासमोर बसल्या होत्या आणि भांडत होत्या. "घटसर्प शिकायला सहा सुया, आणि अक्रोड बरा पाठ आहे!"

"लहानपणी माझ्या नाकासमोर खायचीस," बारक्या म्हणाला. "चिडवून चिडवून."

"बोल, बोल आता."

अक्रोडाचा केक बेकरीतून बंद झाला. गिऱ्हाइकांनी कुरकुर केली. ताईंनी जर्दाळूचा सुरू केला. तो काही तितका चांगला होत नाही, पण त्यांना हे सांगणार कोण?

महिन्याने पुन्हा रक्त तपासलं. या वेळी अँटीबॉडी होत्या, सगळ्या लसींच्या, आणि भरपूर. बारक्याने तो कागद घडी घालून शिकवायच्या गाडीत आरशामागे खोचून ठेवला, असं त्याच्या एका विद्यार्थिनीने मला सांगितलं. ती आमच्या पलीकडच्या गल्लीतली.

शेवटी राहिली गोवराची. ही लस जिवंत जंतूची, दुबळा केलेला पण जिवंत, म्हणून मॅरो बदलल्यावर दोन वर्षं थांबावं लागतं. थांबलो. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर टोचली. नवव्या दिवशी दुपारी बारक्याचा फोन. "ताप आलाय. छातीवर लाल पुरळ. सिस्टर, काय करू?"

"आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावा. मी काम संपवून येते."

मी पोचले तोवर दोघं हॉस्पिटलात जाऊन आले होते. रक्त ठीक होतं. लसीचाच ताप, एक-दोन दिवसांत उतरेल, वाढला तर लगेच या, म्हणून घरी पाठवलं होतं. बेकरीच्या वरच्या खोलीत ताई पडून होत्या, गाल लालबुंद. बारक्या खुर्चीवर बसून ओल्या फडक्याची घडी कपाळावर ठेवत होता, ती गरम झाली की उलटी करत होता. थर्मामीटर लावला. एकशे एकला थोडा कमी.

"नवव्या दिवशी?" मी म्हणाले. "मी सांगितलं होतं ना, आठ-दहा दिवस लागतात. जंतूची नि त्या मूठभर पेशींची गाठ पडलीये बघा. हा ताप म्हणजे त्यांची झटापट."

बारक्याने घडी उलटी केली. हळूच विचारलं, "आत भांडतंय ते माझंच ना, सिस्टर?"

मी उत्तर देणार तोच ताईंनी डोळे न उघडता म्हटलं, "तुझं कसलं? दोन वर्षं पोसलंय मी. आणि फडकं नीट पीळ, मानेखाली पाणी जातंय."

बारक्या उठला, मोरीत जाऊन फडकं पिळलं. बराच वेळ पिळत होता. परत आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं, डोळे लाल. मी खिडकीबाहेर काय बघण्यासारखं आहे ते शोधत बसले.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. आठवड्याने मी पाव आणायला गेले तर ताई कोपरापर्यंत पिठात होत्या. बाहेर बारक्या एका घाबरलेल्या मुलीला गाडी मागे घ्यायला शिकवत होता, आणि ताई मळता मळता खिडकीतून त्यालाच शिकवत होत्या, "अरे डावीकडे वळव म्हणावं तिला, डावीकडे!"